तांबडी कळपात परतली तेव्हा

अळणावरजवळच्या वाडीत राहणाऱ्या धोंडिबाची बायको चंद्रभागा एका सकाळी चुलीपुढेच कोसळली. उजवं अंग लुळं पडलं, जीभ जड झाली. गँगमन म्हणून रुळांवर जन्म काढलेल्या धोंडिबाला ना धड पेज शिजवता येत होती, ना आजारी माणसाची कूस बदलता येत होती. आणि कोंबड्या तर सगळ्या तिच्याच. त्यांच्याकडे त्याने कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

त्यातच मुंगसाने तांबडीला धरलं. धोंडिबा ओरडत धावला तसं मुंगूस पळालं, पण कोंबडीची पाठ सोलून निघाली होती. चंद्रभागेने ते बाजेवरून पाहिलं. त्या दिवसापासून तिच्या तोंडून एकच शब्द निघे, "तांब... तांब..."

धोंडिबाने हळद-तेल लावून तांबडीला चुलीजवळ डालग्याखाली ठेवलं. आधी बायकोला भरवायचं, मग कोंबडीला. चंद्रभागेबद्दल डॉक्टरांनी हात टेकले होते. कोंबडीचं तरी आपल्या हातात आहे, असं त्याच्या मनाने घेतलं.

जखमेवर खपली धरली, तांबडी उभी राहून टिपू लागली, तसं त्याने हरखून तिला अंगणात सोडलं. "बघ गं, चालली तुझी तांबडी!"

कळपाने तिला ओळखलंच नाही. काळी म्हणून एक दांडगी कोंबडी होती, तिने सरळ खपलीवर चोच मारली. रक्त दिसताच बाकीच्याही तुटून पडल्या. तांबडीने पळायचंसुद्धा सोडलं. मान खाली घालून बसून राहिली.

पुन्हा हळद, पुन्हा डालगं. जखम लाल दिसू नये म्हणून धोंडिबाने तिच्या पाठीला काजळी फासली आणि तिन्हीसांजेला कळप खुराड्यात शिरल्यावर हळूच तिला आत बसवलं. सकाळी दार उघडलं तर ती कोपऱ्यात, डोकं भिंतीत खुपसून. मानेवर पीस उरलं नव्हतं.

बाजेवरून "तांब... तांब..." चालूच होतं. त्या दिवशी चंद्रभागेने पेजेचा घोटही घेतला नाही.

धोंडिबाचा धीर सुटला. "रोज मरण्यापरीस एकदाच सुटू दे," म्हणत त्याने कोयता घेतला आणि तांबडीचे पाय धरले. तोच बाज करकरली. चंद्रभागा डाव्या हाताने बाजेची दोरी पकडून उठू पाहत होती. तोंडातून नुसता घोगरा आवाज निघत होता. तो ऐकून शेजारची गंगव्वा धावत आली.

"ब्याड अण्णा, ब्याड! मारू नका!" तिने त्याचा हात धरला. "मार खाणारीला किती लपवणार? मारणारीला काढा की बाहेर!"

"म्हणजे?"

"काळीला घाला डालग्याखाली थोडे दिवस. हिला राहू द्या अंगणात. आणि दाणे एका जागी ओतू नका, पसरून टाका."

धोंडिबा मटकन खाली बसला आणि हुंदके देत रडला. गंगव्वाने कोयता उचलून वळचणीला खोचला, चंद्रभागेला नीट निजवलं.

काळी डालग्याखाली गेली. बाकीच्यांनी तांबडीला आधी हुसकावलं, मग कंटाळून सोडून दिलं. काळी सुटली तेव्हा तिचाच तोरा उतरला होता. तांबडीला कुणी जवळ केलं असं नाही. पण कडेकडेने का होईना, ती त्यांच्यातच टिपू लागली.

धोंडिबाने बाज दाराशी ओढली. "बघ, खातेय." चंद्रभागा बराच वेळ पाहत राहिली. त्याने चमचा पुढे केला, तर तिने तोंड उघडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा घट्ट मिटलं. ज्येष्ठात ती गेली.

दिवसकार्य उरकल्यावर बेलूरच्या कारखान्यात काम करणारा मुलगा लक्ष्मण म्हणाला, "चला अप्पा माझ्याकडे. इथं एकटे काय करणार?"

अंगणात कोंबड्यांनी कालवा मांडला होता. धोंडिबा उठला, सूप काखेत मारलं.

"बस जरा," तो म्हणाला. "ह्यांना दाणे घालून येतो."