आईचा बंद फ्रीज

आमचा जुना फ्रीज गार करेनासा झाला, तेव्हा तो भंगारात द्यायला आईनं साफ नकार दिला. आई अकोल्याच्या जुन्या शहरातल्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. तिचा नकार म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. भंगारवाला तांब्याची नळी कापतो आणि आतला वायू उडून जातो, हे तिनं पाहिलं होतं. ओझोनच्या थराला ज्यानं भोक पाडलं, तोच तो वायू. वर पोहोचायला त्याला वर्षं लागतात, पण पोहोचला की त्यातला क्लोरीन ओझोन मोडतच सुटतो. मग सूर्याचे अतिनील किरण जास्त खाली येतात. मोतीबिंदू, कातडीचा कॅन्सर वाढतो, पिकंही खुरटतात.

गल्लीला करमणूक झाली. समोरच्या काकू म्हणाल्या, अकोल्याचं ऊन त्या भोकातूनच येतं, आता बुजवून काय उपयोग. आईनं त्यांना ओट्यावर बसवून समजावलं की उन्हाचा ताव वेगळा आणि ते किरण वेगळे, ते तर जाणवतही नाहीत. जगानं तो वायू बनवणं थांबवलं म्हणून थर हळूहळू भरून येतोय. उरलाय तो आपल्या जुन्या फ्रीजांत. मला तिचा फार अभिमान वाटे आणि वैतागही येई, कारण फ्रीज माझ्या खोलीत होता.

अखेर अमरावतीहून एक मेकॅनिक वायू सिलिंडरमध्ये ओढून घ्यायचं यंत्र घेऊन आला. बघायला गल्ली दारात जमली. त्यानं नळीला मीटर लावला. काटा हललाच नाही. वायू कधीचाच गळून गेला होता, म्हणून तर फ्रीज बंद पडला होता. कुणीतरी फिसकन हसलं. मला आईकडे बघवेना.

आईनं चष्मा पुसला. काकूंकडेही तसाच फ्रीज होता, पण मोटर जळून बंद पडलेला. त्यात त्या कुरडया ठेवत.

"तुमचा पाहू द्या," आई त्यांना म्हणाली. "माहा रिकामा निंगाला त का झालं?"

काकूंनी कुरडयांचे डबे बाहेर काढले. तिथं मात्र काटा चढला. यंत्र घरघरत राहिलं आणि काटा खाली येईपर्यंत आई तिथून हलली नाही. आता कुणी हसत नव्हतं. काकूंनी तिला बसायला खुर्ची आणून दिली.

"चांदूर रेल्वेले माह्या बहिणीकडंबी एक हाये, बाई," त्या हळूच म्हणाल्या. "तिले सांगू का, इकू नको म्हणून?"