दुसऱ्या गाडीचा आवाज

आबांच्या वर्गात दिवा होता, पण तो कधी लागला नाही. जन्मांध आबा खिडक्या लावून घ्यायचे आणि त्या अंधारात अनवाणी फिरत शिकवायचे. आवाज फळ्याकडून येतोय म्हणून आम्ही तिकडे तोंड करून बसावं, तर पुढचं वाक्य मानेमागून यायचं. पहिल्याच आठवड्यात दोघी जणी घाबरून निघून गेल्या. "अंधार सोसत नसेल तर साधं बी.एड. करावं," एवढंच आबा म्हणाले.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आठवी ते दहावीच्या अंध मुलांना शिकवण्याचं प्रशिक्षण घ्यायला मी सावद्याहून जळगावला आले होते. प्रशिक्षण अंधशाळेतच होतं; ती शाळा गावाबाहेर, रेल्वेच्या रुळांपासून जवळच होती. आबा धुळ्याकडचे. वर्गात शुद्ध बोलायचे, पण मन हललं की अहिराणीवर यायचे.

त्यांचा एक नियम फार कडक होता. अंध माणसाचा हात धरून त्याला ओढायचं नाही. आपलं कोपर त्याच्या हाताशी न्यायचं, ते त्यानं धरायचं आणि अर्धं पाऊल मागून चालायचं. कुणी चुकून मनगट धरलं तर आबा हात झटकून टाकत. "मी काय गोठ्यातलं जनावर आहे?" असं विचारत.

मे महिन्यात आमचा रस्त्याचा सराव सुरू झाला. डोळ्यांवर जाड पट्टी, हातात पांढरी काठी आणि दहा पावलं मागे एक सोबतीण. शाळेच्या फाटकातून निघायचं, पायवाटेनं लिंबाच्या झाडापर्यंत जायचं आणि तिथून डावीकडे वळून परत यायचं. त्या दिवशी माझ्या मागे वर्गातली कल्पना होती. ऊन फार होतं. मी सरळ चालले आहे असं पाहून ती हापशावर पाणी प्यायला थांबली.

तेवढ्यात गरम वारा सुटला. कान धुळीनं भरले आणि माझं वळण चुकलं. मला ते कळलंच नाही. समोरून एक मालगाडी धडधडत गेली, तेव्हा ती लांबून जातेय असं वाटलं. तिचा आवाज जरा पुढे सरकल्यावर मी पाऊल उचललं.

आणि माझ्या हाताला कोपर लागलं. लहानसं, हाडकुळं आणि त्या उन्हातही गार. मी शिकवल्याप्रमाणे ते धरलं. कल्पनाच असेल असं मला वाटलं. कोपर मला हळूच मागे घेऊन वळलं. आम्ही सात-आठ पावलं चाललो असू, तोच पाठीमागून दुसरी गाडी गेली, इतक्या जवळून की साडी अंगाला चिकटली. मी पट्टी ओढून काढली. मागे रूळ होते. शेजारी कुणी नव्हतं.

कल्पना लांबून धावत येत होती. ती रडत होती. म्हणाली, "तू कुणाचा तरी हात धरल्यासारखी चालत होतीस. पण तू एकटीच होतीस गं."

आबांना सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "कोपर किती उंचीवर होतं?" मी त्यांचा हात तेवढ्या उंचीवर नेऊन दाखवला. ते तिथेच जमिनीवर बसले. मग त्यांनी इंदूची गोष्ट सांगितली. ती बोदवडकडची, याच शाळेत नववीत होती. ती एकटी जाऊ शकते असं आबांनीच लिहून दिलं होतं. एक गाडी गेल्याचं ऐकून ती निघाली, आणि पलीकडच्या रुळावरून दुसरी आली.

"मी तिले एकच गाडी ऐकाले शिकाडं," आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्यांनी मला तिथे न्यायला सांगितलं. रुळांपासून थोडं अलीकडे मला मागे थांबवलं आणि ते एकटे पुढे गेले. काठी बगलेत धरून त्यांनी रिकामा हात पुढे केला. दोन्ही दिशांनी गाड्या येऊन गेल्या. आबांचा हात तसाच होता. शेवटी परतले, माझं कोपर धरलं आणि म्हणाले, "माझ्या हाती नाही लागली."

त्याच वर्षी ते निवृत्त झाले. माझ्या तोंडी परीक्षेत त्यांनी एकच प्रश्न विचारला: मुलाला एकटं कधी सोडायचं? मी पुस्तकातलं उत्तर दिलं. "गुण मिळवायला हे बरोबर आहे," ते म्हणाले आणि पूर्ण गुण दिले. दोन वर्षांनी ते गेल्याचं मला धुळ्याला कळलं. तोवर मी तिथे नोकरीला लागले होते.

आजवर कितीतरी मुलांना, ती एकटी जाऊ शकतात असं मी लिहून दिलं. प्रत्येकाला आधी दुसऱ्या गाडीचा आवाज ओळखायला शिकवलं. तरी पहिल्या दिवशी मूल एकटं फाटकाबाहेर पडलं की मी चप्पल काढून ठेवते आणि त्याला कळू न देता मागून चालत राहते. त्याचा हात कुणाचं तरी कोपर धरल्यासारखा हवेत थोडा वर उचललेला दिसला, तर मी नजर वळवते. त्या वेळी तिथे पाहायचा मला धीर होत नाही.