आरसा-वरण

इंटरनेटवर आपलं नाव कसं लपवावं, यावर मी आता तासभर बोलू शकते. पण कुणी विचारू नये. त्या विषयाचा मला कंटाळा आलाय, आणि खरं सांगायचं तर स्वतःचाही.

नाशकातल्या एका खासगी संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहात मी रेक्टर आहे. मुली पेठ, सुरगाणा, इगतपुरीकडच्या. जेवण बेताचं. डाळ निम्मीच यायची आणि पाहुणे यायचे त्या दिवशीच दूध दिसायचं. संस्थेच्या सचिवांना दोनदा तोंडी सांगितलं, एकदा लेखी दिलं. "बघू मॅडम," म्हणाले. त्यांचं ते 'बघू' ऐकून माझे कान किटले होते.

स्वयंपाकाला एक मावशी होत्या. सुरगाण्याच्या, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, पण मुली मावशी म्हणायच्या म्हणून मीही म्हणायचे. नवरा नव्हता. स्वयंपाकघरामागच्या खोलीत त्या आणि त्यांची लेक राहायच्या. लेक बारावीला होती. मावशींची नोकरी, ती खोली आणि पोरीचं कॉलेज, सगळं एकाच खुंटीला टांगलेलं होतं, आणि हे मला चांगलं ठाऊक होतं.

डाळ फार पातळ झाली की मावशी वाढता वाढता म्हणायच्या, "घ्या गं, आज आरसा-वरण हाय. तोंड बघा अन् जेवा." मुली खिदळायच्या. मलाही हसू यायचं आणि मग राग यायचा.

तो राग कुठंतरी ओकायचा म्हणून मी इंटरनेटवर लिहायला लागले. मोठ्या कंपन्यांच्या ठिकाणी नको होतं. तिथं फोन नंबर मागतात आणि मग 'तुमच्या ओळखीचे' म्हणून सचिवांचाच फोटो समोर आणून ठेवतात. विकेंद्रित म्हणतात तसल्या ठिकाणी गेले. तिथं एक मालक नसतो. कुणी कुणी आपापला छोटा सर्व्हर चालवतं, त्यातल्या एकावर आपण खातं उघडायचं. हे सगळे सर्व्हर एकमेकांशी जोडलेले असतात, एकीकडे लिहिलेलं दुसरीकडे वाचता येतं. मला ते आवडलं. इथं आपल्याला कोण ओळखणार, असं वाटलं.

काळजी तर इतकी घेतली की विचारू नका. ईमेल नवा काढला. नाव घेतलं पडवळ. फोटो टाकायचाच नाही, कारण फोटोच्या पोटात जागा आणि वेळ लिहिलेली असते. खासगी निरोपही सर्व्हर चालवणाऱ्याला वाचता येतात असं कळलं, म्हणून तेही कुणाला पाठवले नाहीत. नाशिकचं नाव नाही, द्राक्षं नाहीत, गोदावरी नाही. आज घडलेलं आठ दिवसांनी लिहायचं. आणि सगळ्यात वैताग म्हणजे आपली मराठी! 'मी गेले' म्हटलं की बाई पकडली गेली. क्रियापदच चुगली करतं. म्हणून मी पुरुष झाले. गेलो, आलो, जेवलो, चिडलो. एकेक मजकूर तीन-तीनदा तपासायचे, कुठं 'म्हणाले' राहून गेलं तर 'म्हणालो' करायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःलाच बजावत होते.

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. वाचणारे पन्नासेक असतील.

मग एकदा जेवणाबद्दल लिहिलं. वसतिगृहाचं मी 'एक खानावळ' केलं, दुधाचं दही केलं, सचिवांना 'साहेब' केलं. आणि आरसा-वरण तसंच ठेवलं. खोडलं होतं एकदा. 'पाणीदार वरण' लिहून पाहिलं, पण ते अगदीच मिळमिळीत वाटलं. शब्द झकास होता हो! तो माझा नाही हे माहीत होतं, तरी वाहवा मला मिळणार हेही माहीत होतं. ठेवला.

वाहवा मिळाली. लोकांनी तो मजकूर इकडून तिकडे पाठवला. चौथ्या दिवशी त्याचा स्क्रीनशॉट संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला, खाली कुणीतरी विचारलं होतं, 'हे आपलंच वसतिगृह नाही ना?' लगेच खातं उघडून मजकूर पुसला. पण तिथं पुसणं म्हणजे काय, तर बाकीच्या सर्व्हरांना विनंती जाते की बाबांनो, तुम्हीही पुसा. कुणी पुसतं, कुणी पुसत नाही. दोन ठिकाणी तो तसाच राहिला, माझ्याच डोळ्यांनी पाहिला मी.

दुसऱ्या दिवशी सचिव आले. लिहिणारा पुरुष, म्हणून आधी वॉचमनला फैलावर घेतलं. त्या बिचाऱ्याला धड मेसेज टाइप करता येत नाही. मग सचिव जेवणाच्या हॉलमध्ये गेले. मी बरोबर होतेच. मुली जेवत होत्या. सचिवांनी अगदी गोड आवाजात विचारलं, "काय गं, आरसा-वरण कोण म्हणतं इथं?"

अकरावीतली एक नवी मुलगी, तिला वाटलं गंमत चालली आहे, हसून म्हणाली, "मावशी म्हणतात!"

वाढता वाढता मावशींच्या हातातला डाव थांबला. सचिव माझ्याकडे वळले. "घरातलं बाहेर कुणाला तरी सांगितलंय हिनं. मॅडम, तुम्हाला काही कल्पना?"

"नाही," मी म्हणाले.

एवढंच. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. घरी आजारी नवरा होता. कारणं पुष्कळ होती, आणि ती आजही एकेक करून मला आठवतात. पण त्या वेळी त्यातलं एकही आठवलं नव्हतं. मी नुसती घाबरले होते. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून, असं आई शेजारच्या बाईला उद्देशून म्हणायची. मी तर दुसऱ्याचं वाकून पाहून वर गावभर सांगून आले होते.

मावशींना आठ दिवसांत खोली सोडायला सांगितलं. मी सचिवांकडे जाऊन रदबदली केली, "चांगली बाई आहे हो, पोरीची बारावी आहे" वगैरे. "बघू," म्हणाले.

निघाल्या त्या दिवशी मी त्यांना पेठ नाक्यावर सोडायला गेले. सुरगाण्याची जीप भरायची होती. दोन पिशव्या, एक ट्रंक, आणि पलीकडे तोंड करून उभी असलेली लेक. मी विचारलं, हिच्या कॉलेजचं काय?

"आता कुठलं कॉलेज, ताई. दिंडोरीकडं द्राक्षाच्या कामाला जाऊ दोघी." मग जरा जवळ येऊन म्हणाल्या, "एक काम कराल? तुम्हाला मोबाइलमधलं लय कळतं. कुणी लिवलं, तेवढं शोधून द्या ना. मला भांडायचं नाय. इचारायचं हाय फक्त. माझंच बोलणं का घेतलं?"

बोलायचं होतं. शप्पथ, ओठांवर आलं होतं. ड्रायव्हरनं हाक मारली तशी लेक न बघताच आत चढली.

"त्यात नाव कळत नाही, मावशी," मी म्हणाले. "तसंच असतं ते."

"असं व्हय," त्या म्हणाल्या, आणि माझा हात धरून म्हणाल्या, "जाऊ द्या मग. तुम्ही नका जिवाला लावून घेऊ."