श्रीखंडाच्या डब्यातला करपा

परवा फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, आजोबांचा तो श्रीखंडाचा डबा अजून आहे का. आहे. पण त्यात जे होतं ते गेलं. कसं गेलं, हे फोनवर सांगायला मला जमलं नाही.

आजोबांनी जन्मभर भातावरच्या करप्याचा अभ्यास केला. करपा म्हणजे पानांवर तपकिरी ठिपके पाडून पीक जाळणारी बुरशी. पनवेल-कर्जतकडच्या शेतांतून जमवलेली ती बुरशी त्यांनी कागदाच्या कपट्यांवर वाळवली होती. निवृत्तीनंतर ते कपटे श्रीखंडाच्या डब्यात भरून मुलुंडच्या आपल्या फ्रीझरमध्ये आले.

"सगळी सारखीच तर दिसते," मी म्हणायची.

"अगं, एकाच बांधावरच्या दोन पानांवर दोन निराळ्या निघतात. एकीला दाद न देणारा भात दुसरीपुढे मान टाकतो. भाताचं नवं वाण या सगळ्यांपुढे उभं करून बघायला हवं."

म्हणून ते एकही कपटा टाकू देत नसत. तुम्ही लहानपणी सुट्टीत आलात की त्या डब्यावर डोळा असायचा, म्हणून मी त्यावर चिठ्ठी चिकटवली: 'खाऊ नये'.

आजोबा हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा दुरुस्तीसाठी इमारतीची वीज बंद झाली. मी त्यांच्यापाशी. किल्ली शेजारच्यांच्या सुनेकडे. तिने आपण होऊन फ्रिज रिकामा केला, पुसला. मी घरी आले तर डबा लख्ख घासलेला.

"काकू, तुम्हीच लिहिलेलं ना, खाऊ नये? म्हटलं, खराब झालं असेल. आत नुसते डागाळलेले कागद. दिले टाकून."

रिकामा डबा परत देऊ नये, म्हणून तिने त्यात मूठभर साखर घातली होती.

आजोबांनी डब्याचं विचारलंच. मी सांगितलं.

"साखर घातली? गुणाची आहे पोर." मग म्हणाले, "पुन्हा गोळा करता येईल. ती शेतं आहेत ना गं?"

तिथे टॉवर उभे राहिलेले आम्ही दोघांनीही पाहिले होते.

"अहो, आधी बरे तर व्हा."

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. ते घरी परत आले नाहीत.

चिठ्ठी तुमच्यासाठी होती, पण यात तुमचा दोष नाही. तसं मनात आणू नका. घासताना ती निघून गेली. डबा फ्रीझरमध्ये त्याच जागी आहे. साखरेला मी हात लावलेला नाही.