साठावं ताट

जेवून झाल्यावर ताट उलटं करून तुम्ही कधी पाहिलंय का? खरं सांगा. नसेल पाहिलं तर माझा तुमच्यावर आरोप नाही, मीही जवळजवळ वर्षभर पाहिलं नव्हतं. आणि पाहायला लागले तेव्हा मारतहळ्ळीतल्या एका वास्तुशांतीतून मला दंडाला धरून लिफ्टपर्यंत पोचवण्यात आलं.

बंगळुरात चामराजपेटेत आमचा छोटा छापखाना आहे, माझे वडील अण्णा तो चालवतात. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि हँडबिलं. मी वाचायला शिकले ती हँडबिलांवरच. शाळेतल्या मुली परीकथा वाचत तेव्हा मी 'जाहीर निषेध', 'चला, एक व्हा' आणि 'दाढदुखीवर खात्रीचा इलाज' हे सगळं सारख्याच निष्ठेने वाचत होते. त्यामुळे मी जेवताना मीठ मागितलं तरी मोर्चा आल्यासारखं वाटतं, असं आई म्हणायची.

आईने आयुष्यात एकही घोषणा दिली नाही. फसलेल्या छपाईच्या पाठीवर ती वाण्याच्या याद्या करायची. जुन्या साडीच्या पिशव्या शिवायची. पिशवी फाटली की तिचं पायपुसणं, पायपुसणं फाटलं की अण्णांच्या मशीनचं तेल पुसायचं फडकं. त्या फडक्याचं पुढे काय व्हायचं ते मला कधीच कळलं नाही. बहुतेक अजून वापरात असेल. मी मात्र 'कचऱ्याला नकार द्या!' असं पत्रक लिहिलं आणि अण्णांकडून पाचशे प्रती छापून घेतल्या. गठ्ठा पाहून आईने एवढंच विचारलं, "कचरा कमी पडत होता का गं?" उरलेली चारशे पत्रकं तिने स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर अंथरली. कामाला आली ती तेवढीच.

गेल्या वर्षी श्रावणात आई गेली. चार दिवसांचा ताप, आणि संपलं.

तेराव्याला केटररने आतून प्लास्टिकचा थर असलेल्या कागदी थाळ्या आणल्या. बेळगावहून आलेले पाहुणे रांगेत उभे होते, भात निवत होता आणि मी थाळ्यांच्या गठ्ठ्यासमोर उभी राहून भाषण करत होते. हा थर कुजत नाही, गाईच्या पोटात जातो, आणि ज्या बाईने जन्मात काही फेकलं नाही तिच्या तेराव्याला हे चालणार नाही! केटरर म्हणाला, "स्वल्प अॅडजस्ट माडि, अक्का." अक्काने अॅडजस्ट केलं नाही. शेवटी अण्णा स्टुलावर चढले आणि माळ्यावरून स्टीलची ताटं काढून एकेक खाली देऊ लागले. एकोणसाठ निघाली. मी रडले नाही याचं पाहुण्यांना फार कौतुक वाटलं. रडायला वेळ कुठे होता? एकोणसाठ ताटं घासायची होती.

त्या मोरीतच माझ्या ताट-बँकेचा जन्म झाला. कोणाच्याही घरी कार्य असो, ताटं आमच्याकडून फुकट न्यायची, राख आणि नारळाच्या शेंडीने घासायची, मोजून परत करायची. एक वही केली. तिला चार रकाने: नाव, किती ताटं, कशासाठी, परत मिळाल्याची तारीख. नवं पत्रकही लिहिलं. त्यातलं प्रत्येक वाक्य मला आजही खरं वाटतं. एक सोडून. 'वापरात नसलेली वस्तू म्हणजे कचराच!' असं ते वाक्य होतं, आणि ते ठळक अक्षरात होतं.

पहिली मागणी आली प्राचीची. प्राची पुण्याची, मारतहळ्ळीच्या एका सोसायटीत राहते, आयटीत आहे. सोसायटीच्या गणपतीच्या जेवणाला तिला साठ ताटं हवी होती. माझ्याकडे एकोणसाठ.

साठावं ताट समोरच्या फळीवर होतं. आईचं.

आईला ते तिच्या लग्नात मिळालं होतं. जाड काठाचं, एका बाजूला पोचा पडलेलं. काठाच्या मागच्या बाजूला ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलं होतं: 'शालिनीस, आईकडून'. आई सगळ्यांना वाढून झाल्यावर शेवटी त्यात जेवायची, बहुतेक वेळा ओट्याशी उभ्यानेच. ती गेल्यावर ते ताट कोणी हलवलं नव्हतं. एक उत्तम ताट महिनाभर नुसतं उभं होतं, आणि खाली बॅगेत एक ताट कमी होतं. मी ते उचललं आणि बॅगेत घातलं. अण्णांना विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात काही आहे असंच वाटलं नाही. पत्रकात मीच लिहिलं होतं ना!

साठ गेली, साठ परत आली. मी वहीत तारीख घातली आणि बॅग तशीच पुढच्या घरी पाठवली. फळीवरची रिकामी जागा अण्णांना दिसली असणारच, कारण ते त्या फळीकडे तोंड करूनच जेवतात. ते काही बोलले नाहीत. मी ते संमती म्हणून धरलं. (चळवळींमध्ये हे फार होतं.)

बारशी झाली, मुंजी झाल्या, गृहप्रवेश झाले. 'आमच्या कार्यात एकही थाळी कचऱ्यात गेली नाही' असं लोक फोन करून सांगायचे, आणि मी फुगायचे.

वर्ष भरत आलं. एका सकाळी मी वही उघडली तर शेवटच्या ओळीवर अण्णांचं अक्षर. नावाच्या रकान्यात त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं होतं. किती ताटं: एक. कशासाठी: जेवण.

मी छापखान्यात गेले. ते मशीनला तेल देत होते.

"अण्णा, हे काय लिहिलंय?"

"पुढच्या गुरुवारी वर्षश्राद्ध आहे," ते म्हणाले. "तिचं पान तिच्या ताटात वाढावं म्हटलं. नियम सगळ्यांना सारखा ना, म्हणून लिहिलं." मग तेलाचा डबा खाली ठेवून म्हणाले, "त्या दिवशी मोकळं नसलं तर राहू दे हं, नंदू. कोणाचं कार्य अडवू नकोस."

मी म्हटलं, मिळेल की, आपलंच तर आहे.

घरात त्या वेळी वीसच ताटं होती. मी ती जमिनीवर उलटी मांडली. वर्षभर मी ताटं मोजत होते, त्यांची पाठ कधी पाहिलीच नव्हती. आईचं ताट त्यांत नव्हतं. एका ताटावर मात्र कानडीत 'गिरिजम्मा' असं कोरलेलं होतं, आणि आमच्या घराण्यात गिरिजम्मा कोणी नाही. म्हणजे कुठेतरी अदलाबदल झाली होती. हिशेब मात्र चोख होता. साठला साठ!

उरलेली चाळीस ताटं होती प्राचीकडे. तिच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत दुसऱ्या दिवशी दुपारी होती. मी दोन बस बदलून पोचले तेव्हा पंगत नुकतीच बसली होती. पुरणपोळी, कटाची आमटी, वर तुपाची धार. शहाण्या माणसाने जेवणं होईपर्यंत थांबलं असतं. पण गुरुवार चार दिवसांवर आला होता.

सुरुवातीला मी सभ्यपणे वाकून पाहत होते. मग गुडघ्यांवर बसून. सातव्या-आठव्या पाहुण्यानंतर मला युक्ती सुचली, की ज्याचं ताट त्यानेच जरा वर धरावं आणि मी खालून वाचावं. लोक भले असतात, त्यांनी धरली. एक नागपूरचे काका तर फार भले निघाले. पांढराशुभ्र कुर्ता घातलेला. त्यांनी ताट धरलं आणि मी इतक्या आस्थेने काय वाचतेय हे त्यांनाही पाहावंसं वाटलं. पाहायला त्यांनी ताट स्वतःकडे कलवलं.

पुरणपोळी मांडीवर थांबली. आमटी थांबली नाही.

प्राचीच्या सासूबाई धावत आल्या. "ताटं चोरायला बोलावलंय का आम्ही पाहुण्यांना? मोजायची होती तर उद्या मोजायची!" मी काही बोलायच्या आत प्राचीने माझा दंड धरला आणि मला दाराबाहेर काढलं.

"व्हॉट आर यू डुइंग, यार? सगळ्यांना वाटतंय तू स्टॉक चेक करायला आलीयेस. सो एम्बॅरसिंग!"

लिफ्ट येईपर्यंत मी तिला सगळं सांगितलं. लिफ्ट आली, उघडली, मिटली आणि निघून गेली. प्राचीने माझा दंड सोडला. "मला आधी का नाही सांगितलंस?" एवढंच म्हणाली. संध्याकाळी तिचा फोन आला. सगळी पंगत उठल्यावर तिने चाळीसच्या चाळीस ताटं स्वतः घासली होती, नावं वाचत. "नाहीये गं," ती म्हणाली.

मग मी वहीतल्या प्रत्येक घरी फोन लावला. 'तुमच्याकडे गिरिजम्मा आहेत का?' असं विचारलं की काही जण राँग नंबर म्हणून ठेवून देत. जयनगरातल्या एका घरी मात्र पलीकडून लगेच उत्तर आलं, "आहेत. दोन महिने रागावून बसल्या आहेत."

गिरिजम्मा ऐंशीच्या आसपासच्या. त्यांच्या नातसुनेच्या डोहाळजेवणाला आमची ताटं गेली होती. मी पोचले तेव्हा त्या ओसरीवर पालेभाजी निवडत होत्या. त्यांचं ताट मी त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते पाहिलंही नाही, नुसता अंगठा काठाच्या मागून फिरवला आणि मान हलवली. मग सुनेला सांगून घरातली सगळी ताटं बाहेर मागवली. आम्ही दोघींनी ती ओसरीवर उलटी घातली. शालिनी त्यांत नव्हती. त्यांच्याकडची ताटंही शेजारी जात-येत असत. डोहाळजेवणानंतर एका शेजारणीने काही लग्नघरी पाठवली होती, तिथून ती कुठे गेली कोणाला आठवत नव्हतं.

गिरिजम्मा कानडीत म्हणाल्या, "ताटं मोजलीस. नावं नाही वाचलीस?"

चामराजपेटेतलं एकूण एक हँडबिल मी वाचलं होतं, ताटाची पाठ तेवढी नाही. निघताना त्यांनी माझ्या पिशवीत निवडलेल्या भाजीची जुडी घातली. ताट घेऊन आलेल्या बाईला रिकामं पाठवायचं नाही म्हणून. मी आईचं ताट साठ माणसांच्या पंगतीला रिकामं पाठवलं होतं.

गुरुवारी सकाळी अण्णांना सांगितलं. सगळं सांगितलं, आमटीसकट. ते खुर्चीत बसून ऐकत होते. त्यांनी विचारलं, "त्या काकांना भाजलं नाही ना?" मी नाही म्हटलं. मग ते कोपऱ्यावरच्या दुकानातून केळीचं पान घेऊन आले, पुसलं आणि मांडलं. मी वाढलं. आळूची भाजी, वडे, खीर. पानाचं टोक नीट डावीकडे आहे ना ते अण्णांनी वाकून पाहिलं.

"चाळीस वर्षं तिला म्हणत होतो," ते म्हणाले, "जरा बाहेर पड, कुठेतरी फिरून ये. चूल नि छापखाना, छापखाना नि चूल." त्यांनी पानाशेजारी पाण्याचं भांडं ठेवलं. "सरी, बरंय. आता फिरतेय म्हणायचं."

तेव्हा मला रडू आलं. एक वर्ष उशिरा. पण त्या दिवशी सबबच नव्हती. घासायला एकही ताट नव्हतं. एकच पान होतं, आणि तेही गाईला जाणार होतं.

ताट-बँक चालू आहे. थाळ्यांवरचा प्लास्टिकचा थर अजून कुजत नाही आणि माझा आवाज अजून खाली आलेला नाही. फक्त वहीत आता पाचवा रकाना आहे, ताटावर कोणाचं नाव आहे त्याचा. अण्णांची ती ओळ मी खोडलेली नाही. तिचा तारखेचा रकाना रिकामा आहे. अण्णा जेवताना हल्ली फळीकडे पाठ करून बसतात, म्हणून मीच त्या जागेकडे तोंड करून बसते.

तर तुम्हाला विनंती आहे. बंगळुरात कुठेही, कोणाच्याही कार्यात स्टीलच्या ताटात जेवलात, तर उठण्यापूर्वी ते उलटं करून पाहा. जाड काठ, एका बाजूला पोचा आणि मागे ठिपक्यांनी 'शालिनीस, आईकडून' असं कोरलेलं दिसलं, तर ते ताट चामराजपेटेतल्या छापखान्यात पोचवा. दुसऱ्या कोणाचं नाव असलं तरी वाचा, आणि ज्याचं त्याला पोचवा. त्या घरीही कोणीतरी एका फळीकडे पाहत जेवत असेल.

फक्त आधी जेवण संपवा, मग ताट उलटं करा. कटाच्या आमटीचा डाग राखेने आणि नारळाच्या शेंडीने निघत नाही. नागपूरच्या काकांचा कुर्ता मी प्राचीकडून मागवून घरी आणलाय, महिनाभर घासतेय, आणि आता त्याची पिशवी शिवायला घेतलीये.