पहिल्या रकान्यातली सिंधू

शालनताईंचं पेन पहिल्याच रकान्यावर थांबलं. तिथे फक्त 'नाव' असं छापलं होतं. बुडालेल्या पतसंस्थेशी सगळ्या ठेवीदारांची एकत्र तडजोड झाली आहे. पैसे परत मागायच्या अर्जाचा मसुदा माझ्या वकील नातीने केलाय, आणि तो लोकांना कळतो का, हे बघायला आम्ही शेजारच्या शालनताईंना बसवलं होतं.

"कुठलं लिहू?" त्या म्हणाल्या. "पासबुकावर माहेरचं सिंधू आहे. लग्नात ह्यांनी तांदळात शालन लिहिलं."

मला हसू आलं. तरुणपणी मीही असे मसुदे करायचे. माझ्या एकेका वाक्याला न्यायाधीशांना दोनदा श्वास घ्यावा लागे, पण हा प्रश्न काही तेव्हाच्या त्या शहाणीला, म्हणजे मला, सुचला नव्हता. आणि माझंही नाव तांदळातच बदललेलं.

"दोन रकाने करते, आजी. पण उद्या कुणीही सिंधू होऊन आलं तर?"

"दोन्ही नावांनी ओळखणाऱ्या माणसाची सही माग."

नवं नाव लिहिलेले तांदूळ पुढे शिजत असतील. जुनं नाव कुठे जातं, कोण जाणे.

"सिंधू म्हणणारा एक भाऊच उरलाय," शालनताई म्हणाल्या. "आमचा अबोला आहे."

पेनाचं टोपण बराच वेळ चावून त्यांनी फोन उचलला.

"दादा, सिंधू बोलतेय."