वाहती तोटी आणि पहिले टाके

समस्त जनांस अत्यंत गांभीर्यानं कळविण्यात येतं, की प्रस्तुत लेखकाची शल्यचिकित्सक म्हणून कारकीर्द सुरू होण्याच्या चार मिनिटं आधी एका पितळी तोटीनं जवळपास संपवली होती. वाचकांनी रुमाल काढून ठेवावेत.

कॉलेजात आम्ही पुस्तकातलं शिकलो आणि हाताचं शिकायला लातूरच्या एका रुग्णालयात येऊन पडलो. जिल्हा नवा होता. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग ओला होता; बाकी ओलं म्हणावं असं गावात काही नव्हतं. दुसरं वर्ष कोरडं चाललं होतं.

गाठी मारायचा सराव मी खाटेच्या दांडीवर करायचो. दांडीला दोऱ्यांची दाढी फुटली होती. टाक्यांसाठी सायकलची जुनी ट्यूब. वॉर्डात हा खेळ चाले तेव्हा शेजारच्या खाटेवरून एक मामा टक लावून बघायचे. उदगीरच्या मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले हमाल, पोती उचलून उचलून हर्निया झालेला. गळ्यात इष्टलिंग, आवाज पहाडी.

"छोटे डाक्टर, हे काय करायलात?"

"शिवायला शिकतोय, मामा."

"असं शिवलं तर समदी ज्वारी रस्त्यावर." त्यांनी ट्यूब हातात घेतली. "दोरा वढायचा न्हाई. बसवायचा. वढला की कापड फाटतंय."

आमच्या सर्जन सरांनी तीन महिन्यांत जे सांगितलं होतं, ते मामांनी एका दमात सांगितलं. त्यांची बायको बाहेर व्हरांड्यात भरली कळशी मांडीशी धरून बसलेली असायची. उदगीरहून यष्टीत ती कळशी तिनं अशीच आणली होती. लातूरच्या पाण्यावर तिचा भरवसा नव्हता, आणि ते असायचंही क्वचितच.

मामांचं ऑपरेशन ठरलं. सर म्हणाले, "वरचे टाके तू घालायचे." माझे पहिले टाके, जिवंत माणसाला! मी आरशासमोर मास्क बांधून तीन वेळा गंभीर झालो.

थिएटरच्या नळाला पाणी नव्हतं. टँकरचं पाणी उकळून, गार करून भरलेलं पिंप बाहेर स्टुलावर होतं, त्याला पितळी तोटी. नियम सोपा होता. तोटी थिएटरच्या मावशी उघडणार, मावशीच बंद करणार. आपण कोपरापर्यंत घासायचं, धुवायचं, आणि अर्धा राहिलेला नमस्कार धरल्यासारखे हात वर ठेवून आत जायचं. धुतलेला हात कशालाही लागला की पुन्हा पहिल्यापासून. आणि पुन्हा धुण्याइतकं पाणी कुणाच्याच वाट्याला नव्हतं. चुकला तो बाहेर, त्याच्या जागी दुसरा.

माझं धुऊन झालं तेवढ्यात आतून हाक आली आणि मावशी ट्रॉलीमागे धावल्या. तोटी वाहत राहिली.

मी शिरूर अनंतपाळचा. आमच्या घरी वाहती तोटी म्हणजे रडतं लेकरू; ज्याच्या कानावर पडेल त्यानं उठायचं. आईनं हे शिकवलं नव्हतं, ते अंगातच उतरलं होतं. मला कळायच्या आत माझ्या स्वच्छ, घासलेल्या, पवित्र उजव्या हातानं तोटी गच्च बंद केली.

कुणीही पाहिलं नाही. मी आत गेलो. सिस्टरनी निर्जंतुक टॉवेल पुढे केला. माझा हात दिसायला अगदी तसाच होता. आज मुलांना शिकवताना मी हत्यारांबद्दल पुष्कळ बोलतो, पण खरं शिक्षण त्या टॉवेलच्या अलीकडच्या वीतभर जागेत असतं, हे कसं सांगायचं ते अजून जमलेलं नाही. तिथं साक्षीदार नसतो. मला नाटक उत्तम येतं, तेव्हाही येत होतं. टॉवेल घेण्याचं नाटक मात्र होईना. हिरव्या पडद्यापलीकडे मामांचं डोकं दिसत होतं. कमरेत इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर केलं होतं. मामा टक्क जागे, छताकडे बघत पडलेले.

"सर," मी म्हणालो, "मी तोटीला हात लावला."

"का?"

"वाहत होती, सर."

सरांनी डोळे मिटले. "पिंपात राहिलंय ते पुढच्या पेशंटचं पाणी आहे. बाहेर हो. दुसऱ्याला पाठव."

मी वळलो. हात अजून वरच होते, ते खाली कसे घ्यायचे हेच सुचेना. दारापर्यंत पोचलो आणि पडद्यामागून मोंढ्यातला तो आवाज फुटला:

"ओ मोठे साहेब! भायेर माझ्या बायकोपाशी कळशीभर पाणी हाय, त्यानं धुवू द्या त्याला, पण शिवायला ह्योच पाहिजे! ज्याला पाण्याचा थेंब सांडू देववत न्हाई, त्यो माझं रगात कशाला सांडंल?"